मालूची सुई आणि बाराचं ताट

मारुतीरावांच्या घरात ठरावाशिवाय काही होत नसे. अठ्ठावन्न साली ते सीमा सत्याग्रहात पकडले गेले, तीन आठवडे हिंडलग्याच्या तुरुंगात राहिले आणि कडोलीला परत आले ते सभा घ्यायची सवय घेऊनच. सीमेचा प्रश्न होता तिथेच राहिला आणि सवयही राहिली. विहिरीवर इंजिन बसवायचं, ठराव. काळी म्हैस विकायची, ठराव. एकाहत्तर सालच्या पानावर तर ‘सौ. शालूबाई यांनी आमटीत मीठ बेताने घालावे’ असाही ठराव आहे आणि तो एकमताने मंजूर झालेला आहे. शालूबाई म्हणजे मारुतीरावांची बायको. तिला सभेत मत नव्हतं, म्हणून एकमत व्हायला अडचण आली नाही.

सभेचे नियम दोन. ठराव मंजूर झाल्याशिवाय कुणी ताटावर बसायचं नाही, कारण तुरुंगात तसं करायचे. आणि चिटणिसाला मत नाही, बोलणंही नाही, कारण लिहिणारा बोलायला लागला की लिहायचं राहून जातं. पोटात भूक असली म्हणजे सभा लवकर आटपेल, अशी मारुतीरावांची कल्पना होती. घरातल्या पुरुषांना उपाशीपोटी दुप्पट बोलता येतं, हे सत्तावीस वर्षं दिसत असूनही त्यांनी नियम बदलला नाही.

पंच्याऐंशी सालच्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीतल्या त्या बुधवारी, सभेपुढे मालूचा विषय होता. मालू, म्हणजे मालुबाई, मारुतीरावांची धाकटी लेक. वय चोवीस, बेळगावात प्राथमिक शाळेत शिक्षिका. अकराव्या वर्षी तिला मधुमेह झाला, आणि तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन ती स्वतःच्या हाताने मांडीत घेत आली होती. घरात सगळ्यांत चांगलं अक्षर तिचं, म्हणून गेली आठ वर्षं सभेची चिटणीसही तीच. तेव्हा स्वतःच्याच आजाराचा ठराव लिहायला ती वही उघडून बसली होती, आणि नियमाप्रमाणे तिला मत नव्हतं.

सोप्यात चौरंगावर यंत्र ठेवलं होतं. पत्त्यांचे दोन जोड एकावर एक ठेवावेत एवढा राखी डबा, त्यातून निघालेली पातळ नळी आणि नळीच्या टोकाला सुई. नवीन यंत्र घरात आलं म्हणून शालूबाईने सकाळीच त्याला हळदकुंकू लावलं होतं, आणि रवळूने ते रुमालाने पुसून काढलं होतं. रवळू म्हणजे मारुतीरावांचे धाकटे भाऊ भावकू यांचा मुलगा. आठ वर्षांपूर्वी इंजिनिअर होऊन अमेरिकेला गेला, तो आता पहिल्यांदाच आला होता. येताना चुलतबहिणीसाठी त्याने इन्सुलिनचा पंप आणला होता.

साडेदहाला सभा सुरू झाली. रवळूने पाऊण तास माहिती दिली. सुई पोटाला टोचून ठेवायची, दोन दिवसांनी बदलायची. डबा कमरेला. आत भरलेलं औषध दिवसभर थेंबाथेंबाने जात राहतं, आणि जेवायच्या आधी बटण दाबलं की जास्तीचं जातं. रोज उठून काचेची पिचकारी उकळायची कटकट नाही. घड्याळ बघून जेवायची सक्ती नाही. भूक लागेल तेव्हा जेवायचं.

शेवटच्या वाक्याला मालूचं पेन क्षणभर थांबलं. हे वाक्य तिला पाठ होतं. यंत्राबरोबरची इंग्रजी पुस्तिका मारुतीरावांनी तिच्याकडे कव्हर घालायला दिली होती, आणि तिने ती कव्हर घालण्याआधी दोनदा वाचून काढली होती. भूक लागेल तेव्हा जेवायचं, या गोष्टीचा तिला गेल्या तेरा वर्षांत अनुभव नव्हता. सकाळी साडेसातला सुई, आठला भाकरी, बारा वाजता ताट, भूक असो नसो. तिला ते यंत्र मनापासून हवं होतं. पण पुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर काही गोष्टी होत्या ज्या रवळूने सांगितल्या नव्हत्या, आणि त्याबद्दल विचारायचं तर चिटणिसाला बोलायची परवानगी नव्हती.

मारुतीराव पंपाच्या बाजूने होते. त्यांचं कारण वैद्यकीय नव्हतं. असलं यंत्र अजून बेंगळूरला आलेलं नाही आणि कडोलीला आलं, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी डबा उलटासुलटा करून त्याच्यावर कुठली लिपी आहे ते पाहिलं. कन्नड नाही, इंग्रजी आहे म्हटल्यावर त्यांची हरकत उरली नाही.

भावकू विरोधात होते. बत्तीस वर्षं बेळगावच्या सरकारी कचेरीत काढून ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते, आणि ज्या वस्तूबरोबर कागद नाही ती वस्तू त्यांच्या लेखी नव्हतीच. गॅरंटी कार्ड अमेरिकेतल्या पत्त्याचं. बिघडलं तर अर्ज कुणाकडे करायचा, असं त्यांनी पोटच्या पोराला तीनदा विचारलं. रवळूने तिन्ही वेळा सांगितलं की ते बिघडत नाही. बिघडत नाही असं यंत्र भावकूंनी सरकारात पाहिलं नव्हतं.

अक्काताई म्हणजे या दोघा भावांची बहीण. ती निपाणीला दिलेली, आणि खास आमंत्रित म्हणून तिला सभेत बोलता यायचं आणि तिचं मतही धरलं जायचं. न बोलावता आली असती तरी ती बोललीच असती. तिने मालूसाठी निपाणीचं स्थळ आणलं होतं, तंबाखूच्या वखारीत मॅनेजर असलेला मुलगा. रविवारी पाहुणे पोरगी बघायला येणार होते, आणि मालूला मधुमेह आहे हे अक्काताईने त्यांना सांगितलं नव्हतं.

“सुई कसं, दार लावून घेतलं की झालं,” अक्काताई म्हणाली. “कुणाच्या बापाला कळत न्हाय. ह्यो डबा पदराखाली कसा लपायचा? उठताना दिसंल, बसताना दिसंल. एक पोर झालं की मग सांगू की. तवर सुईच बरी.”

म्हणजे साडेअकराच्या सुमाराला, यंत्र आणणाऱ्या रवळूला सोडून, पंपाला एक, सुईला दोन, अशी परिस्थिती होती. पंपाचं ते एक मत अध्यक्षांचं असल्याने ठराव पडला असं काही म्हणता येईना.

इथे रवळूने आत्याला बाजूला घेऊन समजावलं. हल्ली अमेरिकेत दिसायला अशीच यंत्रं मोठमोठ्यांच्या कमरेला असतात, डॉक्टर लोकांच्याही, हॉस्पिटलातून बोलावण्याचा आवाज यायला. लोकांना त्यातलं काय कळतंय. अक्काताईने डबा हातात घेतला, वजन केलं, पदराखाली धरून पाहिला. मग बाहेर धरून पाहिला. निपाणीत कुणाच्या सुनेच्या कमरेला अमेरिकेची वस्तू नाही हे तिच्या ध्यानात आलं.

“मग झाकायचं तरी कशाला?” ती म्हणाली. “शाळेनं दिलंय म्हणून सांगू.”

अक्काताई पंपाकडे आली आणि मारुतीराव अस्वस्थ झाले. बहिणीच्या आणि त्यांच्या मताचा मेळ लहानपणापासून कधी बसला नव्हता. ती ज्या बाजूला आहे ती बाजू तपासून घ्यावी, असं त्यांना वाटू लागलं. विजेवर चालणारी वस्तू अंगाला लावून पोरगी नदीवर कशी जाणार, पावसात कशी भिजणार, असे प्रश्न त्यांना सुचले. बाराच्या सुमाराला अध्यक्ष सुईकडे झुकले. अध्यक्ष झुकले म्हटल्यावर भावकूंना मुलाची बाजू घेणं भाग पडलं, कारण पोराने एवढ्या लांबून आणलेली वस्तू नाकारायची ती त्यांनी, थोरल्या भावाने नव्हे. त्यांनी दुरुस्ती मांडली की गॅरंटीचा पत्ता बदलून घेण्याच्या अटीवर पंप स्वीकारावा. दुरुस्तीला रवळूने उपदुरुस्ती सुचवली.

शालूबाई स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती. कोंबडीचा रस्सा दोनदा गरम करून झाला होता. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे होतं. साडेबारा. ती उठून मारुतीरावांना म्हणाली, पोरीला तेवढं वाढून देते. मारुतीरावांनी हात वर केला. सभा चालू असताना चिटणीस जेवायला गेला तर वही कोण लिहिणार, आणि एकाला सूट दिली की सगळ्यांना द्यावी लागेल. पाच मिनिटांचं काम आहे, ते म्हणाले. शालूबाई परत उंबऱ्यात बसली. तेरा वर्षं तिने पहाटे पितळेच्या पातेलीत पिचकारी उकळली होती, औषधाची बाटली ओल्या फडक्याच्या गाडग्यात गार ठेवली होती. पण अध्यक्षांनी हात वर केला की बसायचं, हीही तिची सवयच होती.

मालूने सकाळची सुई साडेसातलाच घेतली होती. औषध आपलं काम वेळेवर करत होतं, रक्तातली साखर उतरवत होतं. त्याला सभेबद्दल कुणी काही कळवलं नव्हतं.

भावकू चिटणिसाच्या शेजारी बसत. लिहिलेलं लगेच तपासायची त्यांची जुनी खोड. एक वाजायला आला तेव्हा उपदुरुस्तीतला शब्द बरोबर आलाय का म्हणून ते वहीत वाकले, आणि त्यांना ओळ सापडेना. मालूचं अक्षर छापल्यासारखं असायचं. पानाच्या वरच्या भागात ते तसंच होतं. मधे अक्षरं मोठी झाली होती. खाली ओळ रेघ सोडून उतरत गेली होती, आणि शेवटी ‘पंप’ हा शब्द तिने एकामागून एक पाच वेळा लिहिला होता. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची हस्ताक्षरं वाचण्यात गेलेल्या माणसाला एवढ्यावरून कळलं की हे माणूस ठीक नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डिसेंबरच्या गारठ्यात तिच्या कपाळावरून घाम गळत होता.

“मालू,” ते म्हणाले, “काय गं व्हतंय?”

मालू हसली आणि वर्गातल्या मुलाला दटावावं तशी त्यांना म्हणाली, जागेवर बसा. मग पेन खाली पडलं.

त्यानंतरची दहा मिनिटं या घराण्याच्या इतिहासात फारशी भूषणावह नाहीत. सगळे एकदम उठले. साखर द्या, असं रवळू ओरडला. मारुतीरावांनी त्याला अडवलं, कारण साखर म्हणजे तिला विष, हे ते तेरा वर्षं सगळ्या भावकीला सांगत आले होते. सुई द्या, असं अक्काताई म्हणाली. ती दिली असती तर उरलीसुरली साखरही उतरून हे प्रकरण इथेच संपलं असतं. घरातला सगळा गोड जिन्नस मालूच्या भल्यासाठी लोखंडी कपाटात कुलपात ठेवायचा, असाही एक ठराव होता. रवळूसाठी बेळगावहून आणलेला दोन किलो कुंदा त्या कपाटात होता, आणि किल्ली कुणाकडे आहे यावर तिथल्या तिथे दुसरी सभा सुरू झाली.

शालूबाई उंबरा ओलांडून आली. कमरेला खोवलेली पानाची चंची तिने काढली आणि सुपारीच्या कप्प्यातून गुळाचा खडा काढला. हा खडा तिच्याजवळ तेरा वर्षं होता. संपला की दुसरा. पानाबरोबर गूळ खायची तिला आवड आहे, असं सगळे समजत होते.

मारुतीरावांनी तिचं मनगट धरलं. “गूळ नको, शालू.”

“सोडा,” शालूबाई म्हणाली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि हा शब्द तिने त्यांना पहिल्यांदाच ऐकवला होता. त्यांनी हात सोडला.

मालूचे दात घट्ट बसले होते. आईने अंगठा घालून ते उघडले, गूळ गालात दाबला, पोरीने अंगठ्याला कचकन चावा घेतला तरी बाहेर काढला नाही. गूळ विरघळत गेला. मालू गिळायला लागली तसं तिने गुळाचं पाणी पाजलं. पंधरा मिनिटांनी मालूने डोळे नीट उघडले आणि पहिली गोष्ट विचारली ती ही, की ठराव झाला का.

सभा तहकूब, असं मारुतीराव भिंतीकडे बघत म्हणाले. आपण बायकोचा हात धरला तो आणखी पाच मिनिटं धरून ठेवला असता तर काय झालं असतं, हे त्यांना आता समजत होतं. अध्यक्षपदाच्या इतक्या वर्षांत त्यांना एवढी भीती वाटली नव्हती.

शालूबाईने तिथेच, चौरंगाच्या शेजारी, पोरीपुढे ताट ठेवलं. मालू जेवायला लागली. रवळूला मात्र राहवलं नाही. तो हळूच म्हणाला की कमरेला पंप असता तर हे झालं नसतं. जेवण लांबलं तरी चाललं असतं.

“खरं हाय, दादा,” मालू म्हणाली. “मला हे यंत्र पाहिजेच हुतं. तू पुस्तक आणलंस ते मी दोन बारी वाचलं. याला शंभरच्या ताकदीचं इन्सुलिन लागतंय. आपल्याकडं चाळीसचं मिळतंय. तू आणलंस ते तीन म्हैन्यात संपंल. मग काय भरायचं?”

कुणी ना कुणी येतं तिकडून, पाठवेन, असं रवळू म्हणाला.

“रक्त दिवसातनं चार डाव तपासायचं. त्याच्या पट्ट्या?”

एक डबी आणली होती. रवळूने यंत्राकडे पाहिलं. गाडी घ्यावी आणि पेट्रोल कुठे मिळतं ते विचारायचं राहून जावं, तसं त्याचं झालं होतं. बहिणीसाठी काहीतरी न्यावं ही त्याची माया खरी होती. ती विमानाच्या वजनात बसेल एवढीच त्याला आणता आली होती.

“ह्याला माझी साखर कळत न्हाय,” मालू म्हणाली. “नुसतं औषध ढकलतंय. बघायचं आपणच. ह्या घरात माझं बघणारं एकच माणूस हाय, आनी तिला सभेत बोलायला येत न्हाय.”

ती हात धुऊन आली. वही ओढली, वेडंवाकडं झालेलं पान तसंच ठेवलं आणि पुढच्या कोऱ्या पानावर लिहायला बसली. एकेक अक्षर सावकाश लिहिलं. मग वाचून दाखवलं. एक, मालूच्या आजारावरचा उपाय मालू ठरवील. दोन, सध्या सुई चालू राहील. पंपाचं औषध आणि पट्ट्या बेळगावात मिळायला लागतील तेव्हा तिला वाटलं तर ती पंप लावील, तोवर तो कपाटात राहील आणि कपाटाला कुलूप असणार नाही. तीन, या घरात बारा वाजता ताट वाढलं जाईल, सभा कुठवर आली आहे हे पाहिलं जाणार नाही. चार, निपाणीच्या पाहुण्यांना आजार रविवारी सांगितला जाईल, आणि मालू स्वतः सांगेल.

चौथ्या कलमाला अक्काताई उठून उभी राहिली. स्थळ मोडंल, ती म्हणाली, आणि ती चूक बोलत नव्हती. हे मालूलाही माहीत होतं. मुलाचा फोटो तिने पाहिला होता आणि तो तिला आवडला होता.

“मोडू दे, आत्या. तितं बारा वाजता मला ताट कोण वाढणार? ज्यांना म्हायतच न्हाय ते?”

अक्काताईच्या डोळ्यांसमोर मघाची मालू आली असावी. ती खाली बसली.

चिटणिसाला ठराव मांडता येत नाही, एवढं मारुतीराव बोलले. ते अडवत होते असं नाही. त्यांना धरायला काहीतरी हवं होतं, आणि नियमाशिवाय त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

“मी मांडते,” शालूबाई म्हणाली.

सगळे भावकूंकडे बघू लागले. घरात नियमांचं माहीतगार माणूस तेच. बायकांना ठराव मांडता येत नाही हे या घरात सत्तावीस वर्षं सगळ्यांना पाठ होतं. भावकूंनी वही पहिल्या पानापासून चाळली. मधेच त्यांना आमटीतल्या मिठाचं पान लागलं, ते त्यांनी पटकन उलटलं.

“बायकांनी मांडायचा न्हाय असं कुठंच लिवलेलं न्हाय,” ते शेवटी म्हणाले. “आण्णा, लिवलेलंच न्हाय. अनुमोदन माझं घ्या.”

मारुतीरावांनी न विचारता, मतं न मोजता, अध्यक्ष म्हणून खाली सही केली. मग वही आणि शाईचा पॅड त्यांनी स्वतः उचलला आणि बायकोपुढे धरला. त्यांना ताठ बसायची सवय होती, आता त्यांना वाकावं लागलं.

शालूबाईने उजवा अंगठा शाईत दाबला तेव्हा तिला चुणचुणलं. कागदावर उठलेल्या निळ्या ठशात मधोमध दोन आडव्या पांढऱ्या रेघा राहिल्या होत्या. ठसा बिघडला म्हणून ती खजील झाली आणि पुन्हा उठवू का असं विचारू लागली.

“नको,” मालू म्हणाली. “ते माझे दात हायत.”